लंडन–पॅरिस आणि बुलढाणा–मुंबई

"ताई, जायला दोन तास वीस मिनिटं अन् यायला वीसच मिनिटं, असं कसं?" लंडन–पॅरिसचं तिकीट पुढे धरून चिखलीच्या एका काकांनी मला विचारलं. बुलढाण्यात मी विमानाची आणि रेल्वेची तिकिटं काढून देते. लेकी-सुनांकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांचे असे प्रश्न मला फार आवडतात. तिकिटावर निघण्याची वेळ निघाल्या शहरातली असते आणि पोचण्याची पोचलेल्या शहरातली. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. जाताना तो तास वाढलेला दिसतो, येताना कमी झालेला. प्रत्यक्ष प्रवास दोन्ही वेळी साधारण एक तास वीस मिनिटांचा.

काकांचा पुढचा प्रश्न अंतराचा. हीथ्रोपासून पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ सरळ रेषेत ३५० किलोमीटरच्या आसपास. जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने जातं, म्हणजे अर्धा तासही लागू नये. पण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पोचून उभं राहीपर्यंत मोजला जातो. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं. जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने उडायला फारसा अवधीच मिळत नाही. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, जवळजवळ दुप्पट. तिथेही विमानाला दीड तासाच्या आसपासच लागतो.

शिवाय विमानतळावर दोन-तीन तास आधी पोचायचं. म्हणून लंडन–पॅरिससाठी मी युरोस्टार रेल्वेच सुचवते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या, समुद्राखालच्या ५० किलोमीटरच्या बोगद्यातून ती सव्वादोन-अडीच तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्याच्या मध्यात नेऊन सोडते.

आता आपल्याकडे या. बुलढाणा ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३८० किलोमीटर, लंडन–पॅरिसपेक्षा थोडंच जास्त. पण आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नाही आणि विमानतळही नाही. राजूर घाट उतरून ४५ किलोमीटरवरचं मलकापूर गाठायचं, तिथून मुंबईची गाडी. त्यात रात्र जाते. विमानच हवं तर छत्रपती संभाजीनगर, रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरात. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. मेहकर, सिंदखेड राजाकडच्या लोकांना, आणि त्यातही स्वतःची गाडी असलेल्यांना, त्याने मुंबई खरोखर जवळ आणली. ज्याला एसटीनेच जायचं आहे, त्याचं काय? चिखलीवरून जाणाऱ्या खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. माझ्या मते या जिल्ह्याचं अंतर खऱ्या अर्थाने तीच कमी करील, आणि ती आता व्हायलाच हवी.

तोवर परदेशी निघणाऱ्यांना माझं सांगणं असं: विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन वेगळी तिकिटं काढू नका, सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर दुसऱ्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी मग कंपनीची असते.