आधी माप, मग रंग

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. १९८० मध्ये आलेली टीव्हीएस ५० असो, बजाज चेतक असो की राजदूत, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. बऱ्याच गाड्यांना लिटरमागे २० मिली पुरे. कमी पडलं तर पिस्टन जाम होई, जास्त झालं तर न जळलेलं ऑइल निळा धूर होऊन बाहेर पडे.

हे २० मिली मोजण्यासाठी पेट्रोलपंपावर हाताने चालवायचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या, ऑइलचं यंत्र असे. फोर-स्ट्रोक गाड्या वाढल्या, २०१५ मध्ये टीव्हीएसची एक्सएल १०० सुद्धा फोर-स्ट्रोक होऊन आली, आणि या यंत्रांचं कामच संपलं. आता त्यांचे दिवे होतात, हॉटेलांत शोभेला उभी राहतात. चेन्नईत एग्मोरजवळच्या पुदुपेटमध्ये जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथे किंवा एखाद्या भंगारवाल्याकडे असं यंत्र हाती लागलंच, तर रंगाचा डबा उघडण्याआधी त्याचा दट्ट्या तपासा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ते मोजमापाचं यंत्र आहे. त्याचा जीव दट्ट्यात आहे.

दट्ट्या वर ओढला की खालची झडप उघडते आणि ऑइल आत येतं. खाली दाबला की ती झडप मिटते आणि ऑइल तोटीतून बाहेर पडतं. सिलिंडरचा आतला व्यास २ सेंमी असेल, तर दट्ट्या सुमारे ६.४ सेंमी सरकल्यावर २० मिली ऑइल येतं. हाच व्यास झिजून किंवा घासकाम करताना २.१ सेंमी झाला, तर तेवढ्याच सरकण्यात २२ मिली येईल. व्यासात पाच टक्के फरक, मापात दहा टक्के, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणून सिलिंडरच्या आत पॉलिश पेपर मारू नये. वायसर मात्र नवा घालावा. आणि चाचणी चेन्नईच्या मे महिन्यातल्या दुपारी घ्यावी! डिसेंबरच्या पहाटेच्या मानाने तेव्हा ऑइल दुपटीहून अधिक पातळ असतं आणि ढिल्या वायसरच्या कडेने चटकन निसटतं. सोनाराच्या काट्यावर एक माप तोलून पाहा: २० मिली टू-टी ऑइल साधारण साडेसतरा ग्रॅम भरतं.

चेन्नईत गंजाचं दुखणं वेगळं आहे. बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या हवेतलं मीठ लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत जाऊन बसतं. वरून कितीही चांगला रंग दिला तरी ते क्लोराइड आतून गंज चालूच ठेवतं आणि वर्षा-दोन वर्षांत रंगाला फुगे येतात. यावर विद्युत-विघटन हा उत्तम उपाय. प्लॅस्टिकच्या टबात पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, गंजलेला बिडाचा भाग १२ व्होल्टच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. गंज सैल होऊन सुटतो, बरंचसं क्लोराइडही पाण्यात उतरतं, आणि शाबूत लोखंडाला धक्का लागत नाही. मात्र धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं. हायड्रोजन सुटतो म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून लांब करावं. ॲल्युमिनियमचे भाग आणि स्प्रिंगा आधी काढून ठेवाव्यात: पहिल्यांना सोडा खातो, दुसऱ्या हायड्रोजनमुळे ठिसूळ होतात.

जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता धरूनच चालावं. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. ही यंत्रं त्याआधीची. कोरडं घासलं तर ती धूळ श्वासात जाते, मुलांच्या खेळण्यांवर बसते. ओलं घासा, मास्क लावा. याच कारणाने अशा यंत्रातून सरबत किंवा ताक देण्याची हौस मला अजिबात मान्य नाही. टाकीला वेल्डिंगही नको. आत उरलेल्या तेलाची वाफ पेट घेते.

दुरुस्त झालेल्या यंत्राने गिऱ्हाइकाला ऑइल विकायचं तर २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यानुसार पडताळणी आणि शिक्का हवा. स्वतःच्या जुन्या चेतकसाठी शिक्क्याची गरज नाही. पण मला विचाराल तर एक तरी यंत्र चेन्नईतल्या कोट्टूरपुरमच्या पेरियार विज्ञान-तंत्रज्ञान केंद्रात पारदर्शक सिलिंडर बसवून ठेवावं, आणि त्याचा दांडा शाळेतल्या मुलांना स्वतः ओढू द्यावा.