आईच्या सावलीत न वाढणारी झाडं

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं, खोरं पाण्याखाली गेलं आणि एका टेकडीचं बेट झालं. त्याचं नाव बारो कोलोराडो. या बेटावरच्या जंगलात एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद असा 50 हेक्टरांचा पट्टा आखलेला आहे. 1980 च्या सुमारास स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी तिथली झाडं मोजायला घेतली. नुसते वृक्ष नव्हेत, तर किमान एक सेंटिमीटर जाडीचं, म्हणजे करंगळीएवढं खोड असलेलं प्रत्येक झाड! प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला आणि नकाशावर हक्काची जागा. झाडं भरली दोन लाखांच्या वर, आणि जाती सुमारे 300.

ऊन तेच, पाऊस तोच. मग सगळ्यांत जोमदार जात बाकीच्यांना रेटून अख्खं जंगल का बळकावत नाही?

याचं एक विलक्षण उत्तर डॅनियल जॅन्झन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये, स्वतंत्रपणे मांडलं: झाडांच्या शत्रूंमुळे. काही किडी, काही बुरशी ठरावीक जातीवरच जगतात, आणि त्या जातीचं मोठं झाड जिथे उभं असतं तिथेच त्यांचा तळ पडतो. बिया सर्वांत जास्त पडतात आईखाली, आणि मरतातही तिथेच. वाऱ्यानं किंवा पाखरानं लांब नेलेली बी तगते. आईखालची रिकामी जागा मात्र परक्या जातीला मिळते, कारण हे शत्रू तिच्या वाटेला जात नाहीत.

कॅरोल ऑग्सपर्गर यांनी या बेटावर प्लॅटिपोडियम एलेगन्स या झाडाची रोपं पाहिली. याच्या शेंगेला पंख असतो, ती भिरभिरत जाते. जवळ पडलेल्या बियांची रोपं उगवतात, पण पुढे मातीलगत देठ कुजतं आणि रोप आडवं होतं. मिरची-टोमॅटोची रोपवाटिका करणारा आपला शेतकरी हे बघताच म्हणेल, रोपं कोलमडली. एकाच वावरात तेच पीक सारखं घेऊ नये, फेरपालट करावी, हेही तो जाणतो. जंगल ही फेरपालट आपली आपण करत आलं आहे.

दोष मातीतल्या जिवांचाच, हे सिद्ध कसं करायचं? स्कॉट मँगन आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेली एकसारखी माती कुंड्यांत भरली आणि तीत वेगवेगळ्या झाडांखालची थोडीथोडी माती मिसळली. आपल्याच जातीच्या झाडाखालची माती मिळालेली रोपं खुरटली. ज्या जातींना हा फटका जास्त बसला, त्याच जंगलात विरळ होत्या! त्याच वर्षी, 2010 मध्ये, लिझा कोमिटा आणि सहकाऱ्यांनी त्याच पट्ट्यातल्या 180 जातींच्या 30 हजारांहून अधिक रोपांची नोंद तपासली, आणि निष्कर्ष तोच निघाला. एक वाट कुंडीतून गेली, दुसरी मोजणीच्या वह्यांतून. दोन्ही एकाच ठिकाणी पोचाव्यात, याचं मला आजही नवल वाटतं.

पीएच.डी.नंतर पोस्टडॉक म्हणून अशा कामावर येणाऱ्या संशोधकाच्या हाती सहसा दोन-तीन वर्षं असतात, आणि एखादं झाड शे-दोनशे वर्षं जगतं. आपल्या जन्माआधी कुणीतरी ठोकलेल्या बिल्ल्यांवर त्याला भिस्त ठेवावी लागते. मोजणी दर पाच वर्षांनी नव्यानं होते. आपल्याकडे मुदुमलाईच्या पानगळीच्या जंगलातही 1988 पासून असाच 50 हेक्टरांचा पट्टा राखला आहे. तिथे हत्ती आणि वणवे यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

आणि हे शत्रूच हटवले तर? बेलिझच्या जंगलात रॉबर्ट बागची आणि सहकाऱ्यांनी तर चक्क बुरशीनाशक फवारून पाहिलं. 2014 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: फवारलेल्या तुकड्यांत रोपांमधली विविधता सुमारे 16 टक्क्यांनी घटली.