यवतमाळचा संत्रा आणि परदेशी करार

विदर्भातल्या संत्र्याचा परदेशी बाजार म्हणजे व्यवहारात बांगलादेश. निर्यातीच्या अहवालांत इतर देशांची नावे येतात, पण माल जातो तो मुख्यतः ट्रकने, बेनापोलच्या सीमेवरून. यवतमाळ हा मुळात कापसाचा जिल्हा. संत्र्याचा मोठा पट्टा उत्तरेला, वरुड-मोर्शी आणि काटोल-नरखेडचा. यवतमाळमधल्या बागा त्या मानाने विखुरलेल्या, विहिरीच्या पाण्यावर तगलेल्या. भाव मात्र वेगळा नाही. वरुडकडून सीमेवर गाड्या जातात की नाही, यावर यवतमाळमधल्या नेर-बाभूळगावकडच्या बागेचा सौदा ठरतो.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना आणि तिचा शेतीविषयक करार आला. २००१ नंतर केंद्राने कृषी निर्यात क्षेत्रे जाहीर केली, त्यांत नागपूर-अमरावतीच्या संत्र्याचेही एक होते. जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या आणि २००६ पासून तो लागू झाला. या वर्षांबद्दल सांगण्यासारखे फार नाही. परिषदा झाल्या, फलक लागले, नाशिकच्या द्राक्षाने युरोप गाठला आणि संत्रा होता तिथेच राहिला. त्यात करारांचा दोष थोडा, फळाचा अधिक. नागपुरी संत्र्यात बिया असतात, साल सैल असल्याने तो वाहतुकीत दबतो आणि फार दिवस टिकत नाही. बिनबियांच्या मँडरिनला सरावलेल्या युरोपात त्याला कोणी विचारले नाही. ढाक्याच्या गिऱ्हाइकाला बियांची अडचण नव्हती.

म्हणून २०२२ पर्यंतचे दशक बारकाईने पाहावे लागते. आंबिया बहाराचा तोडा जवळ आला की व्यापारी बागा उक्त्या घेत. मोठे, रंग धरलेले फळ सीमेकडे जाई आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, रसवाल्यांकडे. या व्यवस्थेचा खरा फायदा निर्यातीच्या भावापेक्षा दुसरीकडे होता. चांगला माल बाहेर गेल्याने नागपूरच्या कळमन्यासारख्या देशी बाजारात गर्दी होत नसे आणि उरलेल्या फळालाही बरा भाव मिळे. जो शेतकरी स्वतः एक पेटीही निर्यात करत नव्हता, तोही त्या निर्यातीवर जगत होता.

२०१९-२० मध्ये बांगलादेशचे आयात शुल्क किलोला २० टका होते. २०२३ पर्यंत ते ८८ टक्यांवर गेले आणि पुढे त्याने शंभरी ओलांडली. मे २०२२ मध्ये डॉलरची चणचण भासू लागल्यावर ढाक्याच्या महसूल मंडळाने शंभरावर वस्तूंवरचे नियामक शुल्क वाढवले. परदेशी फळांवर ते ३ टक्क्यांवरून २० टक्के झाले. रोख भारतावर नव्हता, चीनच्या सफरचंदालाही हाच नियम होता. पण शुल्क ढाक्यात भरले तरी कापले जाते यवतमाळच्या बागेत, कारण व्यापारी ते सौद्याच्या भावातूनच वजा करतो. २०२०-२१ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये निर्यात निम्म्याखाली आली. मोठे फळही देशी मंडीत उतरले आणि काही गावांत बागांवर कुऱ्हाड चालली.

साफ्टा या सगळ्या काळात लागू होता. त्यातली सवलत मूळ सीमाशुल्कापुरती असते आणि प्रत्येक देशाला संवेदनशील वस्तूंची यादी सवलतीबाहेर ठेवता येते. तिथे शेतमालाला हमखास जागा मिळते. शिवाय नियामक शुल्क आणि पूरक शुल्क वरून लावायला हात मोकळे राहतात. उलट भारताने नोव्हेंबर २०११ मध्ये अल्पविकसित सदस्य देशांसाठी २५ वस्तू वगळता सगळी दारे शुल्काविना उघडली. बांगलादेशचे कपडे मोकळे आले, इकडचा संत्रा अडला. दिल्लीत हा हिशेब कोणी फारसा मांडला नाही, कारण संत्र्याला नाशिकच्या द्राक्षाइतका आवाज नव्हता.

विदर्भात याचे खापर कांद्यावरही फुटते. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीनदा भारताने कांद्याची निर्यात बंद केली आणि ढाक्यात भाव भडकले. संत्र्यावरचे शुल्क हा त्याचा सूड, असे म्हटले जाते. तारखा या तर्काला पुरत्या जुळत नाहीत. मात्र ज्याने तीनदा दुकान अचानक बंद केले, त्याला शुल्काबद्दल गाऱ्हाणे मांडताना आवाज चढवता येत नाही, एवढे खरे.

२०२३ च्या अखेरीस राज्य सरकारने बांगलादेशच्या शुल्काच्या निम्म्याइतके अनुदान निर्यातदारांना जाहीर केले; तरतूद सुमारे १७० कोटींची होती. शेजारच्या देशाने लावलेला कर आपल्या तिजोरीतून भरण्याचा हा प्रकार. त्यात जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी परिषदेतल्या २०१५ च्या निर्णयानुसार विकसनशील देशांची शेती निर्यात अनुदानाची मुदत २०१८ अखेर संपली होती आणि वाहतूक-विपणनाची उरलेली सवलतही त्याच २०२३ च्या डिसेंबरात संपत होती.

दरम्यान करार दुसऱ्या दिशेने चालूच होते. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या कराराने १३,७०० टन संत्री-मँडरिन निम्म्या शुल्कात येऊ दिली आणि ५१,००० टन कापूस, म्हणजे १७० किलोच्या तीन लाख गाठी, शुल्काविना. तिकडचे फळ वेगळ्या हंगामात येते, त्यामुळे संत्र्याला झळ कमी. कापसाचा घाव मोठा ठरला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि तोही करारावाचून. अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने कापड उद्योग अडचणीत येताच केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. शेतात सीतादहीची पूजा करून कापूस वेचणीला लागायचे, त्याच दिवसांत.

बांगलादेशबरोबरच्या सर्वंकष आर्थिक कराराचा अभ्यास २०२२ मध्ये पूर्ण झाला होता. ऑगस्ट २०२४ मधल्या सत्तांतरानंतर ती बोलणी थंडावली आणि मे २०२५ मध्ये भारताने तिकडच्या तयार कपड्यांना भूसीमेवरची वाट बंद केली. ठरल्या वेळापत्रकानुसार बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ ला अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडेल आणि साफ्टातल्या सवलतींची फेरमांडणी करावी लागेल. त्या फेरमांडणीत नियामक आणि पूरक शुल्काचा शब्द आला नाही, तर मूळ सीमाशुल्क शून्यावर आले तरी बेनापोलला संत्र्याची गाडी आज जिथे अडते तिथेच अडेल.