थंडीत फुलायचं, उन्हाळ्यात निजायचं: काटोलच्या टाक्यातली कॅला लिली

थंड देशातला माळी बागेतल्या तळ्यात कॅला लिली लावतो आणि पहिली काळजी करतो ती हिवाळ्याची. बर्फात ही जगवायची कशी? काटोलात ती काळजी सोडून द्या. नागपूरच्या नोंदीतला सगळ्यात गार दिवस 29 डिसेंबर 2018 चा, 3.5 अंश सेल्सिअसचा. एवढ्या गारठ्याने कॅलाच्या पानाचंही फारसं बिघडत नाही, पाण्याखालचा गड्डा तर निवांत असतो. आपल्याकडे भीती 23 मे 2013 सारख्या दिवसांची. त्या दिवशी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि काटोल तिथून जेमतेम साठ किलोमीटर. म्हणून परदेशी पुस्तकातलं वेळापत्रक इथे उलटं करायचं: फुलं हिवाळ्यात घ्यायची आणि झोप उन्हाळ्यात काढू द्यायची. हे एवढं जमलं की काटोलच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यातही कॅला सुखाने नांदू शकते.

लिली म्हणायची, पण घराणं धोप्याचं

कॅलाचा लिलीशी काही संबंध नाही. ती अळूच्या कुळातली, म्हणजे आपल्याकडच्या धोप्याची, चमकोऱ्याची सख्खी नातेवाईक. पान नीट पाहा, ओळख पटेल. तेच बाणाच्या आकाराचं पान, तोच मांसल देठ, तीच ओल्या जागेची आवड. सुरण याच कुळातला, अँथुरियम याच कुळातलं, दिवाणखान्यातला मनीप्लँट याच कुळातला. कोकणात पावसाच्या तोंडावर शेवळाची भाजी होते, तो शेवळाही याच कुळातला.

या कुळाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सुमात्रा बेटावरच्या टायटन आरमचा फुलोरा 3 मीटरच्याही वर जातो. आणि जगातली सगळ्यात छोटी फुलझाडं, एक मिलिमीटरहून लहान अशी वुल्फिया, हीसुद्धा आता याच कुळात मोडतात. साचलेल्या पाण्यावर हिरव्या रव्यासारखं काही तरंगताना दिसलं, तर ते कॅलाचं भावंड असू शकतं.

धोप्याच्या वडीला चिंच का लागते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. कॅलाच्या मुळापासून फुलापर्यंत हेच स्फटिक ठासून भरलेले असतात, आणि हिची वडी काही होत नाही. घरात रांगतं मूल, कुत्रं किंवा वासरू असेल तर टाक्याला कठडा करा. गड्डे हाताळल्यावर हात धुवा, डोळ्याला लावू नका.

पांढरं दिसतं ते पान

नरसाळ्यासारखं गुंडाळलेलं ते पांढरंशुभ्र ‘फूल’ म्हणजे रूप बदललेलं एकच पान. खरी फुलं मधल्या पिवळ्या दांड्यावर असतात, बारीक आणि दाटीवाटीने बसलेली: वर नर, खाली मादी. फळधारणा झाली की ते पांढरं पान हळूहळू हिरवं व्हायला लागतं आणि चक्क अन्न तयार करण्याच्या कामाला लागतं, आतल्या फळांसाठी. झाडावरचं फूल हिरवं पडायला लागलं तर रोग समजून औषध फवारू नका.

सकाळी पानाच्या टोकावर थेंब लटकलेला दिसतो, तो दव असेलच असं नाही. मुळांनी रात्रभर जास्तीचं पाणी ओढलेलं असतं, ते कॅला पानाच्या टोकातून बाहेर टाकते.

हिचं मूळ गाव दोन वेळापत्रकांचं

पाण्यात वाढणारी पांढरी कॅला, झँटेडेशिया इथिओपिका, मूळची दक्षिण आफ्रिकेची, लेसोथो आणि इस्वातिनी या शेजाऱ्यांसकट. नावात इथिओपिया असलं तरी ती मूळची त्या देशातली नाही. झँटेडेशिया हे नाव 1826 मध्ये कुर्ट श्प्रेंगेल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, इटलीच्या जोव्हान्नी झँटेडेस्की यांच्या सन्मानार्थ.

आता खरी कामाची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, केपच्या भागात, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथली कॅला हिवाळ्यात वाढते, वसंतात फुलते आणि उन्हाळ्यात जमिनीखाली झोपते. त्याच देशाच्या पूर्व भागात पाऊस उन्हाळ्यात, म्हणून तिथे तीच कॅला हिवाळ्यात झोपते. आणि जिथे बारमाही ओल आहे आणि हवाही सौम्य, तिथे ती झोपतच नाही, वर्षभर हिरवी. झाड एकच, पण झोपेची वेळ पाणी आणि तापमान ठरवतात. आपण काटोलात केपच्या कॅलाचं वेळापत्रक उचलायचं.

संत्र्याचा ताण जाणणाऱ्याला वेगळं शिकवायला नको

काटोलच्या संत्रा बागायतदाराला हे सगळं नव्याने सांगावं लागत नाही, आणि मला या विषयात सगळ्यात आवडतं ते हेच. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. मृग बहार घ्यायचा तर मे महिन्यात तोडतात. झाड मलूल होतं, पानं कोमेजतात, वाढ थांबते. मग ताण तोडला की बाग फुलाने भरते. झाडाला पाणी देणं जितकं महत्त्वाचं, तितकंच योग्य वेळी ते न देणं, हे ज्ञान या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. कॅलाला उन्हाळ्यात द्यायची विश्रांती याच जातीची. हेतू मात्र वेगळा: संत्र्याला फुलवण्यासाठी ताण, कॅलाला वाचवण्यासाठी.

वेळापत्रक असं. पाऊस ओसरला, दसरा झाला, की गड्डा कुंडीत लावायचा. दिवाळीच्या सुमारास कोंब वर दिसायला हवेत. दिवसा पंचवीसच्या आसपास आणि रात्री दहा-पंधरा अंश, असे दिवस कॅलाला मानवतात. काटोलचा डिसेंबर-जानेवारी या मापाच्या बराच जवळ जातो. संक्रांत ते होळी हा फुलांचा काळ. होळीनंतर ऊन चढायला लागलं, पानं पिवळी पडू लागली, की कुंडी टाक्यातून बाहेर काढायची आणि पाणी एकदम न तोडता दर आठवड्याला कमी करत न्यायचं. पानं आपोआप वाळली की कापायची.

गुढीपाडव्यानंतर कुंडी घरातल्या सगळ्यात गार जागी: उत्तरेकडच्या भिंतीशी, जिन्याखाली, कूलरच्या उलट बाजूला. गड्डा काढून कोरड्या रेतीत ठेवला तरी चालतो. पांढऱ्या कॅलाचा गड्डा मात्र खडखडीत वाळवायचा नाही, रेतीवर मधूनमधून पाण्याचा हबका मारायचा. नवतपा असाच काढायचा.

आणि मग येतो तो सगळ्यात फसवा महिना. जूनमध्ये पाऊस आला म्हणून उत्साहाने कुंडी अंगणात आणली, की गड्डा गेलाच समजा. उबदार चिखलात मऊकूज लावणारे जिवाणू जोरात वाढतात, गड्डा आतून लगदा होतो आणि घाण वास सुटतो. असा गड्डा वाचवण्याच्या मागे न लागता लगेच जाळून टाका किंवा लांब पुरा, तो ज्या रेतीत होता ती रेतीही फेका. चांगले गड्डे सगळा पावसाळा छपराखालीच राहू द्या.

4 अंशांची जादू, आणि तिची उलटी बाजू

थंड देशात लोक हिवाळ्याआधी कॅलाची कुंडी तळ्यात आणखी खोल, वीत-सव्वा वीत पाण्याखाली सरकवतात. कारण साधं आणि सुंदर आहे. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि त्याहून गार पाणी वर येतं. बर्फ पाण्यापेक्षा हलका, तो वरच तरंगतो. वरची साय गोठली तरी खाली गड्ड्याभोवती पाणीच राहतं.

आपल्या टाक्यात उन्हाळ्यात याच्या नेमकं उलट. दोन फूट खोलीचं सिमेंटचं टाकं मे महिन्यात सगळं तापतं, लपायला जागा उरत नाही. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 10 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 11 मिलिग्रॅम, तर 35 अंशांना जेमतेम 7. ऊन आणि गुदमरणं, दोन्ही एकदम. म्हणूनच उन्हाळ्यात कॅलाला पाण्यात ठेवण्यापेक्षा पाण्याबाहेर झोपवणं बरं.

टाक्याची मांडणी

नवं सिमेंटचं टाकं असेल तर आधी दोन-तीनदा भरून, काही दिवस ठेवून रिकामं करा. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मुळांना बाधतो. काळी चिकण माती घ्या. खूप कुजलेलं शेणखत अगदी थोडं, तेही कुंडीच्या तळाला. वर आलं तर टाक्यातलं पाणी हिरवं होतं. मातीवर दोन बोटं रेती किंवा बारीक गिट्टी पसरा. कुंडी विटांवर अशी बसवा, की मातीवर चार-पाच बोटं पाणी राहील. सकाळचं ऊन हवं, दुपारची सावली हवी. संत्र्याच्या बागेतल्या शेततळ्यात लावायचा मोह होईल, पण तिथली पातळी सिंचनाबरोबर खालीवर होते आणि कड उताराची असते. घराजवळचं टाकंच बरं.

डासांसाठी गप्पी मासे सोडा. आरोग्य विभाग ते सोडायला कधीपासून सांगतो आहे, आणि कॅलाची त्यांच्याबद्दल काही तक्रार नसते.

उन्हाळ्यात टाकं रिकामं ठेवायची गरज नाही. कमळाचं चक्र कॅलाच्या उलट आहे: थंडीत ते चिखलात दबून बसतं, ऊन तापलं की जोमाने पानं टाकतं. होळीला कॅला बाहेर, कमळ आत. दसऱ्यानंतर कमळाच्या कुंडीशेजारी पुन्हा कॅला. टाकं एक, पाळ्या दोन.

रंगीत असेल तर पाण्यात नकोच

रोपवाटिकेत पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या कॅला मिळतात. त्या एलियोटियाना, रेहमानी अशा वेगळ्या जातींपासून तयार केलेल्या. त्यांचा कंद चपटा असतो आणि साचलेलं पाणी त्यांना अजिबात सोसत नाही. रंगीत कॅला बाहेर कुंडीत, निचऱ्याच्या मातीतच वाढवायच्या. टाक्यासाठी पांढरी मागा. हिरवट छटेची ‘ग्रीन गॉडेस’ मिळाली तर तीही पाण्यात चालते.

बागायतदाराच्या कपाटातली बाटली

आंबिया बहाराची फळगळ थांबवायला संत्र्यावर जिब्रेलिक आम्ल फवारतात. फुलांचा धंदा करणारे जगभरचे उत्पादक रंगीत कॅलाचे कंद लावण्याआधी याच द्रव्यात बुडवून काढतात, म्हणजे एका कंदाला जास्त फुलं येतात. या द्रव्याचा शोध भाताच्या रोगातून लागला. रोगट रोपं वेड्यासारखी उंच वाढतात, आणि 1926 मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी दाखवलं की हा रोग आणणाऱ्या बुरशीतून निघणारं द्रव्य ते घडवतं.

याच घराण्यातल्या मनीप्लँटला फूल का येत नाही, त्याचंही उत्तर इथेच आहे. त्याच्या शरीरात जिब्रेलिन बनवणारा एक जनुक नीट काम करत नाही, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. बाहेरून हे द्रव्य दिल्यावर मनीप्लँट फुलला!

झटपट

केपच्या भागात एक चिमुकला फिकट बेडूक कॅलाच्या फुलात दडून बसतो आणि येणारे कीटक टिपतो.

डुकरं आणि साळिंदरं हे गड्डे उकरून खातात, ऑक्झलेट असूनही.

1916 च्या उठावातल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ आयर्लंडमध्ये 1926 पासून ईस्टरला एक बिल्ला लावतात, त्यावर कॅलाचं चित्र असतं. मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी ती पुन्हापुन्हा रंगवली. त्यांचं ‘फ्लॉवर डे’ हे 1925 चं चित्र प्रसिद्ध आहे.

फुलदाणीत ठेवलेल्या कॅलाचा देठ खालून चिरून बाहेरच्या बाजूला वळतो. पाणी अगदी कमी ठेवा, देठाच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा.

एक विनंती

गड्डे वाढतात, वाटून उरतात. उरलेले नाल्यात किंवा जाम नदीच्या काठी टाकू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियात बागेतून निसटलेली हीच पांढरी कॅला ओढ्यांच्या काठांनी इतकी पसरली, की तिला अधिकृतपणे उपद्रवी तण ठरवावं लागलं. नागपूरच्या अंबाझरी तलावाने जलपर्णीपायी काय सोसलं, ते आपण पाहिलंच आहे. जास्तीचे गड्डे शेजाऱ्याला द्या, शाळेच्या बागेला द्या, आणि देताना उन्हाळ्याची झोपही समजावून सांगा.