तंबू घेताना आधी छप्पर बघा

मे सरता सरता भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे बघायला गर्दी लोटते. घाटघर, साम्रद, रतनवाडीच्या शेतांत आणि अंगणांत रात्रीपुरते तंबू उभे राहतात. नेमका याच दिवसांत वळीव येतो. आधी सोसाट्याचा वारा, मग टपोरे थेंब आणि थोड्या वेळात सगळं शांत. पण तेवढ्या वेळात कोणता तंबू कोणत्या लायकीचा, ते सगळ्या शेताला कळतं.

दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, ‘किती माणसांचा?’ आणि दुसरा, ‘केवढ्याला?’ प्रश्न रास्तच आहेत, पण सह्याद्रीत तंबू हार खातो तो पाण्यापुढे. म्हणून आधी त्याचं छप्पर बघावं.

बरे तंबू दुहेरी असतात. आत जाळीची खोली, बाहेर पाणी अडवणारं कापड. त्याला फ्लाय म्हणतात. स्वस्तातल्या तंबूचा फ्लाय टोपीएवढाच असतो. माथा झाकला जातो, बाजू उघड्याच. सरळ पडणाऱ्या सरीला तो पुरतो, पण घाटमाथ्यावरचा पाऊस आडवा येतो. तेव्हा चारी बाजूंनी जमिनीच्या वर चार बोटांपर्यंत उतरणारा फ्लायच घ्यावा. इथे पैसे वाचवू नयेत.

माहितीच्या पट्टीवर 1500 मिमी, 3000 मिमी असे आकडे असतात. त्यांचा पर्जन्यमानाशी संबंध नाही. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाला ते पाझरू लागतं, ते मोजतात. फ्लायला 2000 ते 3000 पुष्कळ झालं. तळाचा आकडा मात्र जास्त हवा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्याशा जागेवर थेंबापेक्षा कितीतरी अधिक दाब येतो.

आकडा बघून झाला की फ्लाय उलटा करून शिवणींवरून बोट फिरवावं. कापड कितीही भारी असलं तरी सुईची भोकं राहतातच. त्यावर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते आणि ती बोटाला गुळगुळीत लागते. कोपऱ्यात जिथे तीन शिवणी एकत्र येतात, तिथे ती सुटलेली नाही ना, एवढं नक्की बघावं. चेनही वळणावरून दोनदा ओढून पाहावी. अडकायची ती तिथेच अडकते. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

हिवाळ्यातली तक्रार निराळी. सकाळी अंथरूण दमट लागलं की तंबू गळका म्हणून शिव्या बसतात. पाऊस तर नसतो, मग पाणी कुठलं? बरेचदा आपल्याच श्वासाचं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभर वाफ निघते, गार पडलेल्या फ्लायला लागून तिचे थेंब होतात. दुहेरी तंबूत ते फ्लायच्या आतल्या बाजूने ओघळून जमिनीवर उतरतात, एकेरी तंबूत आपल्या अंगावर. म्हणून वरची झरोक्याची झडप थंडी वाजली तरी बंद करायची नाही. थंडीसाठी स्लीपिंग बॅग आहे.

जमिनीचाही विचार हवा. डोंगरमाथ्यावर वीतभर मातीखाली कातळ लागतो आणि खुंट्या वाकतात. इथे दोन काठ्या एकमेकींना छेदून जाणारा घुमटाकार तंबू बरा, तो खुंट्यांवाचूनही उभा राहतो. बोगद्यासारखे लांबट तंबू आतून ऐसपैस असतात, पण त्यांची सारी मदार खुंट्यांवर. अर्थात घुमटालाही वाऱ्यात ताणाच्या दोऱ्या लागतातच. कातळावर त्या मोठ्या धोंड्यांना बांधाव्यात. किनाऱ्यावरच्या वाळूत खुंटी धरत नाही, तिथे वाळूने भरलेली पिशवी दोरीला बांधून पुरायची. काठ्या फायबरच्या असतील तर वजन वाढतं आणि मोडताना चिरफळ्या होऊन कापड फाटतं. अॅल्युमिनियम महाग पडतं, पण वाकलं तर रात्र निभावून नेतं.

‘दोन माणसांचा’ म्हणजे दोन माणसं खांद्याला खांदा लावून, सॅक बाहेर. दोघांनी तिघांचा घ्यावा. चालत जाणार असाल तर तिघांचा तंबू तीन किलोच्या आत मिळतो का बघा. गाडीने जाणार असाल तर वजन विसरा. बर्फात टिकणारा ‘चारही ऋतूंचा’ तंबू मात्र कोणी गळ्यात मारू लागलं तर नम्रपणे परत करावा. तो वारा कोंडतो, आपल्याला वारा खेळता हवा. शिवाय हिमालयातल्या आयोजित ट्रेकला तंबू बहुधा आयोजकच देतात.

तंबूखाली ताडपत्री घालताना ती तंबूच्या कडेबाहेर दिसता कामा नये. बाहेर राहिली की फ्लायवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडतं आणि सरळ आपल्या पाठीखाली येतं. चांगला तंबू या एका चुकीने बदनाम होतो.

घरी आल्यावर ओला तंबू पिशवीतच ठेवून दिला, तर कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप ओलीने सडतो, चिकट होतो आणि कुबट वास मारतो. तो पुन्हा नीट बसवणं घरच्या घरी होत नाही. म्हणून त्याच दिवशी गॅलरीत, सावलीत, पूर्ण उलगडून वाळवायचा. कडक ऊन नको, त्याने कापड झिजतं. वॉशिंग मशीन तर नकोच. आणि वर्षात एकदाच जाणाऱ्यांनी खरं तर विकत घेऊच नये. पुण्या-मुंबईत तंबू भाड्याने मिळतात. फक्त घेताना उलगडून शिवणी तेवढ्या तपासाव्यात.