आरमाराचं घड्याळ घडवताना
जुनी घड्याळं, नवे हात : भाग ७

मागच्या भागात आपण मशीन सुटं करून पाहिलं. या आठवड्यात मशीनला फारसा हात लावायचा नाही, काम आहे ते बाहेरच्या अंगाचं. जे जुनं घड्याळ आपल्याला परवडणार नाही, त्याची आज मिळणारी प्रतिकृती घ्यायची आणि एकेक भाग बदलत तिला मूळ घड्याळाच्या जवळ न्यायचं, असा हा उद्योग आहे. जगभर हजारो हौशी लोक त्यात रात्री घालवतात. उदाहरणासाठी मी मुद्दाम अवघड घड्याळ निवडलं आहे. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७० च्या दशकात पाण्याखाली उतरणाऱ्या आपल्या सैनिकांसाठी रोलेक्सकडून करून घेतलेलं हे सबमरिनर संग्राहकांमध्ये ‘मिलसब’ या लाडक्या नावाने ओळखलं जातं.

दुकानात मिळणारं त्या काळचं सबमरिनर, म्हणजे ५५१३ क्रमांकाचं मॉडेल, दिसायला साधंच होतं. ४० मिलिमीटरची पोलादी केस, काळी तबकडी, तारखेची खिडकी नाही, २०० मीटर खोलीची हमी. खात्याने ते घेतलं, पण आपल्या अटींवर. गिऱ्हाइकांसाठीच्या घड्याळात तासकाट्याच्या टोकाशी गोल चकती असे. इथे त्याऐवजी तलवारीच्या पात्यासारखे रुंद काटे आले, म्हणजे चमकणारा रंग जास्त मावतो आणि गढूळ पाण्यात वेळ वाचता येते. बाजारातल्या बेझेलवर, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर, फक्त पहिल्या पंधरा मिनिटांना मिनिटामिनिटाच्या रेघा असत. खात्याला साठही मिनिटांच्या हव्या होत्या. पट्टा अडकवायची स्प्रिंगची पिन पाण्याखाली निसटू शकते, म्हणून पिनेच्या जागी भरीव पोलादी दांडी कायमची पक्की केली. तबकडीवर, सहाच्या खुणेच्या वर, वर्तुळात एक ‘टी’ छापला. चमकणाऱ्या रंगात रेडियम नाही, ट्रिटियम आहे, हे दुरुस्ती करणाऱ्याला कळावं म्हणून ही खूण. रेडियमचं अर्धआयुष्य १,६०० वर्षांचं, तेव्हा ती नुसती सजावट नव्हती.

अशी घड्याळं किती बनली? संग्राहकांचा अंदाज हजार-बाराशेच्या आसपासचा आहे. मूळ स्थितीतली त्याहून पुष्कळच कमी उरली आहेत, आणि याला शत्रूपेक्षा दुरुस्तीची दुकानं जास्त जबाबदार आहेत. सैन्यातून बाहेर पडलेलं घड्याळ नवा मालक सर्व्हिसिंगला देई. कारागीर झिजलेले तलवारी काटे काढून बाजारातले नेहमीचे काटे बसवी, बेझेल बदली, कोणी पक्क्या दांड्या कापून स्प्रिंगच्या पिना घाली. आता लिलावात चांगलं मिलसब एक लाख पौंडांच्या वर जातं म्हटल्यावर त्याच घड्याळांना पुन्हा तलवारी काटे लावले जातात, आणि ते काटे पुष्कळदा नव्यानेच बनवलेले असतात. अस्सल घड्याळात नकली काटे! प्रतिकृती सुधारणाऱ्याला नावं ठेवण्याआधी एवढं ध्यानात असलेलं बरं.

आता आपलं काम. बहुतेक लोक त्याची सुरुवात उलट्या टोकाने करतात. घड्याळ हातात पडलं की पहिला विचार ते म्हातारं कसं दिसेल याचा. तबकडीला चहा, बेझेलला ब्लीच, केसला चरे. पण आकारच चुकला असेल तर वरून चढवलेलं वय म्हणजे पोराला लावलेली नाटकातली दाढी. माझं ठाम मत असं की आधी आकार, मग प्रकाश, मग रंग, आणि वय सगळ्यात शेवटी. तेही जमलं तर.

आकारात जे विकत घेतानाच ठरतं ते नंतर बदलत नाही. जर्मनीच्या श्टाइनहार्ट कंपनीने या घड्याळाची स्वतःच्या नावाने काढलेली आवृत्ती बरीच लोकप्रिय झाली. ती ४२ मिलिमीटरची होती. नंतर ३९ चीही आली. दोन मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण मनगटावर ते लगेच दिसतात आणि कानसीने काढता येत नाहीत. म्हणून पाया घेताना व्यास, जाडी आणि पट्टा अडकवायच्या चार कानांची लांबी मूळ घड्याळाच्या मापांशी ताडून घ्यावी. कानांच्या कडेला एक बारीक तिरपा उतार असतो, तो मात्र घडवता येतो. मूळ घड्याळांतला हा उतार वारंवार पॉलिश करून करून झिजून गेलेला असतो, त्यामुळे तो शाबूत असलेल्या घड्याळाला संग्राहक जास्त पैसे देतात. प्रतिकृतीत तो बहुधा नसतोच. मशीन बाहेर काढून, वरच्या अंगाला चिकटपट्टी लावून, आधी बारीक कानस आणि मग चढत्या क्रमाने बारीक होत जाणारा एमरी पेपर. वरच्या सपाटीवर लांबीच्या दिशेने रेघा, बाजूला आरशासारखी चकाकी, दोघांच्या मधली सीमारेषा धारदार. ही रेषा गोलावली की काम फसलं, कारण पोलाद परत भरता येत नाही.

मग काच. प्रतिकृतीच्या डोळ्यात भरणाऱ्या खोटेपणाचा अर्धा वाटा काचेचा असतो, असं मला वाटतं. आजच्या घड्याळात सफायर असतं: सपाट, कठीण, तिरपं धरलं तर कडेला कोरडी चमक मारणारं. मूळ ५५१३ वर ‘ट्रॉपिक १९’ ही अ‍ॅक्रिलिकची, केसच्या वर उठून दिसणारी काच होती. अ‍ॅक्रिलिकमधून तिरपं पाहिलं की कडेच्या खुणा वाकतात, तबकडी काचेच्या काठापर्यंत तरंगत वर आल्यासारखी वाटते. जुन्या घड्याळाचे फोटो ‘उबदार’ दिसतात त्यात या वाकण्याचा भाग मोठा आहे. बसवायला अवघड नाही, पण काचेचं माप केसच्या खाचेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळायला हवं, आणि बसवल्यावर पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यायला हवी. चरा पडला तर घाबरू नये. पॉलिशच्या पेस्टने तो पुसला जातो, सफायरचा जात नाही.

पक्क्या दांड्या हे मिलसबचं खरं लक्षण. केसच्या कानांना आरपार भोकं असतील तर त्याच जाडीची भरीव पोलादी सळी घालता येते, प्रश्न ती पक्की कशी करायची हा आहे. साधा डाख स्टेनलेस पोलादाला धरत नाही, कारण त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो फोडायला आम्लाचा फ्लक्स लागतो, आणि तो नीट धुतला नाही तर नंतर पोलादच खातो. चांदीच्या डाखाला इतकी उष्णता लागते की केस निळी-पिवळी पडते. सोनारांकडे आता दागिन्यांच्या जोडकामासाठी लेझरचं मशीन असतं, ते या कामाला उत्तम. एक ठिपका, आजूबाजूला उष्णता जवळजवळ नाही. केस अर्थात रिकामी न्यायची.

काटे आणि तबकडी ही जोडी एकत्रच घ्यावी. तलवारी काटे सुटे मिळतात, पण काट्याच्या बुडाचं भोक मशीनच्या दांडीशी जुळायला हवं. अशा प्रतिकृतींत सापडणाऱ्या ईटीए २८२४ या मशीनला ती मापं तासाला १.५०, मिनिटाला ०.९० आणि सेकंदाला ०.२५ मिलिमीटर अशी लागतात. दुसऱ्या मशीनसाठी बनवलेला काटा ढिला बसतो किंवा बसतच नाही. तबकडीच्या मागचे पायही प्रत्येक मशीनला वेगळ्या जागी असतात. पाय कापून चिकट ठिपक्यांवर तबकडी बसवण्याची पद्धत सर्रास आहे. पुढे घड्याळ उघडणाऱ्या घड्याळजीची क्षमा मागून ती वापरावी.

मशीनचा विषय टाळतो म्हणालो, पण दोन गोष्टी आल्याशिवाय राहत नाहीत. मूळ घड्याळाला तारीख नाही आणि २८२४ ला आहे. तारखेची चकती तबकडीखाली दडली तरी चावी ओढताना मधे एक टप्पा लागतोच, जिथे फिरवलं तर काहीच होत नाही. जाणकार माणूस डोळे मिटून चावी ओढतो आणि ओळखतो. दुसरी गोष्ट सेकंदकाट्याची. मूळ घड्याळातलं रोलेक्सचं १५२० मशीन तासाला १९,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला साडेपाच. २८२४ देतं २८,८००, म्हणजे आठ. काटा जास्त गुळगुळीत सरकतो, इथे तेवढाच दोष. यावर स्वस्त उपाय नाही. मी तो सोडून देतो.

बेझेलवरची चकती अ‍ॅल्युमिनियमची असते. अ‍ॅनोडायझिंगमध्ये तिच्यावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढतो आणि त्या छिद्रांत काळा रंग मुरवतात. उन्हाने आणि समुद्राने तो रंग फिका पडत राखाडी, कधी निळसर होतो. हेच पातळ केलेल्या ब्लीचने काही मिनिटांत घडवता येतं, म्हणून लोक आधी तिकडे धावतात. ब्लीच रंगही खातं आणि धातूही, त्यामुळे थोडा वेळ बुडवायचं, धुवायचं, उजेडात पाहायचं, पुन्हा बुडवायचं. चकतीवरच्या त्रिकोणातला चमकणारा मणी आधी काढून ठेवायचा. हवा त्याच्या निम्म्यावरच थांबा, वाळल्यावर रंग आणखी फिका दिसतो.

चमकणाऱ्या रंगाची गोष्ट गमतीची. ट्रिटियमचं अर्धआयुष्य १२.३ वर्षांचं. पन्नास वर्षांत ते चार वेळा निम्मं होतं, साधारण सोळावा हिस्सा उरतो, आणि त्याच्या सोबतचं चमकणारं चूर्णही तोवर थकलेलं असतं. म्हणून खरं मिलसब अंधारात जवळजवळ आंधळं असतं. उजेडात त्याचे ठिपके सायीपासून भोपळ्यापर्यंतच्या रंगांत दिसतात. आजचा रंग उजेड पिऊन रात्रभर झळकतो. तो पिवळसर छटेतही मिळतो, पण दिवा मालवला की खोटेपणा उघडा पडतो. काही जण त्यावर चमक नसलेलं नुसतं रंगद्रव्य भरतात. मला हे पटत नाही. खात्याने काटे रुंद केले ते अंधारात दिसावेत म्हणून. ते काटे मुद्दाम आंधळे करणं म्हणजे घड्याळाचं म्हातारपण उतरवून घेणं आणि त्याचं काम विसरणं. छटा जुळवा, प्रकाश राहू द्या. काटे आणि तबकडी यांची छटा मात्र एकाच घाण्यातून निघालेली असावी.

जुन्या घड्याळाचा मोह झाला तर एक सावधगिरी: रेडियमच्या काळातली तबकडी घरी खरवडू नये. ती धूळ श्वासातून जाते.

राहिलं मागचं झाकण. खऱ्या घड्याळाच्या पाठीवर ब्रिटिश सरकारची बाणाची खूण कोरलेली असते आणि खाली साठ्याचे क्रमांक. सुरुवात ०५५२ ने असेल तर आरमार, डब्ल्यू१० असेल तर लष्कर. कोरणाऱ्याला हे करायला अर्धा तास पुरे, आणि इथे मी हात आखडता घेतो. बाणाची खूण परवानगीवाचून उमटवणं ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. तबकडीवर दुसऱ्या कंपनीचं नाव छापणं आपल्याकडेही गुन्हाच: १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षांची कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांचा दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी काटे, काच, दांड्या यांनी घड्याळ कसं होतं ते कळतं. कोरलेला क्रमांक मात्र ते कोणाच्या हातावर होतं याबद्दल खोटं बोलतो. आज तुमच्या मनगटावर ते निरुपद्रवी असेल, तुमच्यानंतर ते विकणाऱ्याच्या हातात नसेल. भारतीय घड्याळांचा बाजार हे भोगतो आहे. तबकडी नव्याने रंगवलेली, चार घड्याळांचे भाग एकत्र केलेली एचएमटी इथून इतकी बाहेर गेली की परदेशी संग्राहकांनी त्यांना ‘मुंबई स्पेशल’ असं नाव ठेवलं, आणि आता सचोटीने जुनी एचएमटी विकणाऱ्यालाही ते ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा झाकण कोरं ठेवावं, किंवा त्यावर स्वतःचं नाव आणि वर्ष कोरावं.

शेवटी पट्टा. दांड्या पक्क्या असल्यामुळे दोन तुकड्यांचा नेहमीचा पट्टा बसत नाही, एकसंध नायलॉनचा पट्टा दोन्ही दांड्यांखालून सरकवावा लागतो. लष्करात तो मागायच्या फॉर्मचा क्रमांक जी१०९८, म्हणून त्याला ‘जी१०’ म्हणत. रंग राखाडी, रुंदी २० मिलिमीटर. आज तो काही शे रुपयांत मिळतो, आणि या सगळ्या खटाटोपात सगळ्यात जास्त फरक पाडणारा स्वस्त भाग तोच आहे. काळे-करडे पट्टे असलेला घेऊ नका. तो जेम्स बाँडचा म्हणून ओळखला जातो, आणि बाँडचं घड्याळ वेगळं, ६५३८. त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात.