आधी काटा शून्यावर आणा

वजने घेण्यापूर्वी तराजूचा काटा शून्यावर आहे ना, हे आपण विद्यार्थ्यांना पाहायला सांगतो. पन्नास नोंदी झाल्यावर काटा सरकलेला आढळला, तर साऱ्या नोंदी वाया जातात. संकेतस्थळ चालवणाऱ्या आज्ञावलीचेही तसेच आहे.

पायथॉन भाषेत संकेतस्थळे रचण्यासाठी २०१० पासून उपलब्ध असलेले 'फ्लास्क' हे साधन उदाहरणादाखल घेऊ. माहितीसाठा कोठे आहे, गुप्त किल्ली कोणती, चुकांचा तपशील पडद्यावर दाखवायचा की नाही, या गोष्टी संगणकागणिक बदलतात. त्यांना सेटिंग म्हणतात. त्या आज्ञावलीतच लिहिल्या, तर तिची प्रत ज्याच्या हाती पडेल त्याला किल्लीही मिळते. म्हणून त्या बाहेर ठेवतात. आज्ञावली सुरू होताना संगणकाची कार्यप्रणाली नाव आणि मूल्य अशा जोड्या तिच्या हवाली करते. पायथॉनमध्ये त्या 'ओएस.एन्व्हायरन'मध्ये मिळतात. तेथून त्या फ्लास्कच्या 'ॲप.कॉन्फिग'मध्ये एकदाच भरल्या, की सर्व भागांना एकाच जागी सापडतात.

मूल्य मागण्याच्या दोन रीती आहेत. चौकोनी कंसात नाव देऊन मागितले आणि ते नसले, तर 'की-एरर' येऊन आज्ञावली सुरूच होत नाही. 'गेट'ने मागितले, तर 'नन', म्हणजे 'काही नाही', एवढे उत्तर घेऊन ती पुढे जाते. मग चूक उमटते ती कोणी पान उघडल्यावर. म्हणून अत्यावश्यक मूल्य कंसानेच मागावे.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. आमच्या प्रयोगशाळेत तापमानाच्या नोंदी दाखवणारे एक संकेतस्थळ होते. चुकांचा तपशील दिसू नये म्हणून 'डीबग' या सेटिंगपुढे आम्ही 'फॉल्स' लिहिले आणि निर्धास्त झालो. एके दिवशी एक पान बिघडले आणि आज्ञावलीच्या ओळी पाहणाऱ्यांसमोर उघड्या पडल्या!

असे का झाले? कार्यप्रणालीकडून येणारे प्रत्येक मूल्य ही अक्षरांची माळ असते. आम्ही ते 'बूल' या क्रियेने तपासले होते. 'बूल' माळेचा अर्थ पाहत नाही. ती रिकामी आहे की नाही, एवढेच पाहते. 'नाही' असे लिहिलेली चिठ्ठी कोरी थोडीच असते? आता आम्ही सुरुवातीलाच मूल्याची 'ट्रू' व 'फॉल्स' या शब्दांशी तुलना करतो. तिसरेच काही आढळले, तर आज्ञावली सुरू होऊ देत नाही.

वर्गात संगणक असल्यास पायथॉनला 'बूल' विचारून पाहा: एकदा अवतरणचिन्हांत फॉल्स हा शब्द देऊन, एकदा नुसती अवतरणचिन्हे देऊन. अर्थात हे सारे रोमन लिपीत लिहायचे. विद्यार्थ्यांना उत्तरे मात्र आधी वहीत लिहायला सांगा.